पडद्यावरची दखनी : अमेरिकेतील लॅटिनो सिनेमाच्या उजेडात

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या महाविद्यालयांत येणारा मुस्लिम विद्यार्थी घरी जी बोली बोलतो, तिला तो स्वतः बहुधा नावच देत नाही. प्रवेश अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात तो 'उर्दू' असे लिहितो. उर्दूच्या तासाला मात्र त्याची 'मेरेकू', 'नक्को', 'लोगां' ही रूपे अशुद्ध ठरतात. हिंदीच्या तासाला तीच गत होते आणि मराठीच्या तासाला तर त्याचे बोलणे ही वर्गाची करमणूक असते. ही बोली म्हणजे दखनी. ती घराबाहेर कुठे ऐकली, असे विचारले तर विद्यार्थ्यांकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येते : सिनेमात, आणि तेही हसण्याच्या प्रसंगी. घरातली दखनी आणि पडद्यावरची दखनी यांमध्ये जे अंतर आहे, ते समजावून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या विवेचनासाठी अमेरिकेतील लॅटिनो समाजाच्या सिनेमाचा आधार घेतला आहे. कारण तेथे हाच प्रश्न अधिक काळ आणि अधिक उघडपणे चर्चिला गेला. मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा, ग्वाटेमाला इत्यादी प्रदेशांशी नाते सांगणाऱ्या, बहुतांशी स्पॅनिश भाषेचा वारसा असलेल्या अमेरिकन लोकांना 'लॅटिनो' किंवा 'हिस्पॅनिक' म्हणतात. २०२० च्या अमेरिकन जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के भरली. एवढा मोठा समाज. परंतु हॉलिवूडच्या पडद्यावर तो कित्येक दशके चोर, मोलकरीण, माळी किंवा गिटार वाजवणारा रंगेल, एवढ्याच रूपांत दिसला. त्याचे इंग्रजी नेहमी मोडके असायचे आणि त्या मोडकेपणावर प्रेक्षकाने हसावे अशी योजना असायची.

सीमा सरकली, माणसे तेथेच राहिली

लॅटिनो म्हणजे बाहेरून आलेला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश अमेरिकेकडे गेला. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना येथील मेक्सिकन शेतकरी आपले घर न सोडता दुसऱ्या देशाचा रहिवासी झाला. पोर्तो रिकोच्या लोकांना तर १९१७ पासून अमेरिकन नागरिकत्व आहे. तरीही न्यूयॉर्कमध्ये त्यांना उपरे समजले गेले.

आपल्या भागातील वाचकाला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. भालकीच्या माणसाची सोयरीक उदगीरला आणि बाजार जहिराबादला. तो जागचा हलला नाही. त्याच्या सभोवतालची कचेरीची भाषा तेवढी बदलली. त्याआधी, १९४८ पर्यंत ती उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवले जात असे. म्हणजे एका आयुष्यात कचेरीची भाषा उर्दूवरून कन्नडवर आली, बाजारात मराठी, कन्नड आणि तेलुगू चालूच राहिल्या आणि घरात दखनी राहिली.

अर्थात ही तुलना फार ताणू नये. १८४८ चा तह युद्धातून आला, १९५६ ची पुनर्रचना एकाच देशांतर्गत झाली. साम्य आहे ते एवढेच, की दोन्हीकडे माणसाची ओळख त्याच्या गावावरून न ठरता त्याच्या उच्चारावरून ठरू लागली.

या बोलीचे घटक

पडद्यावरील दखनीकडे वळण्यापूर्वी मूळ बोलीविषयी चार गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. दखनी ही 'बिघडलेली उर्दू' आहे, हा समज आपल्या शिक्षकवर्गातही आहे. वस्तुस्थिती उलट आहे. दिल्ली आणि लखनौची उर्दू साहित्याची भाषा म्हणून प्रतिष्ठा पावण्याच्या कितीतरी आधी दखनीत ग्रंथरचना होत होती. निजामीची 'कदमराव पदमराव' ही मसनवी पंधराव्या शतकातील, बीदरच्या बहमनी काळातील. उपलब्ध दीर्घकाव्यांत ती सर्वांत जुन्यांपैकी एक मानली जाते. ज्या बोलीवर आपल्या वर्गात हसतात, तिचे एवढे जुने काव्य आपल्याच मातीत झाले, हे किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते? त्याच बहमनी घराण्याशी परंपरेने ज्यांचे नाते सांगितले जाते, त्या शहा मुंतोजींनी मृत्युंजय या नावाने मराठीत ग्रंथ लिहिले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दखनीचे शब्द उत्तरेचे असले तरी तिच्या वाक्याचा सांगाडा दक्षिणेत घडला आहे. जोर देण्यासाठी येणारा 'च' घ्या. 'मैंच गया था', 'अभीच आया'. हा मराठीचा 'मीच', 'आत्ताच' मधील 'च' आहे. नकाराचे 'नक्को' हे मराठीचे 'नको'. 'मेरेकू पानी होना' या वाक्यात 'होना' म्हणजे 'असणे' नव्हे, 'पाहिजे' होय. कन्नडमध्ये ज्या जागी 'बेकु' येते, त्याच जागी दखनीत 'होना' येते. 'अब्बा कल आतूं बोलके बोले' हे वाक्य दिल्लीच्या माणसाला चुकीचे वाटेल. मराठीत आपण 'उद्या येतो म्हणून सांगितले' असे म्हणतो, कन्नडमध्ये 'अंत' लावतात. त्याचीच ही घडण आहे. 'ने' प्रत्यय गाळणे, अनेकवचनी 'आं' लावणे (बातां, औरतां, किताबां), 'क़लम' चा उच्चार 'ख़लम' करणे, या सर्वांना नियम आहेत. श्री. रं. कुलकर्णी आणि देवीसिंग चौहान या मराठी अभ्यासकांनी मराठी आणि दखनीच्या नात्यावर लिहिले आहे. आपल्या ग्रंथालयांत त्यांची पुस्तके असणे अगत्याचे आहे.

हा तपशील एवढ्याचसाठी दिला, की पडद्यावरची दखनी खरी किती आणि नटाची किती, हे तपासण्यास मापदंड हवा.

लखनौचा सभ्य, दक्षिणेचा विदूषक

हिंदी सिनेमात मुस्लिम जीवन दाखवण्याची एक ठराविक चौकट १९६० च्या सुमारास पक्की झाली. 'चौदहवीं का चांद' (१९६०), 'मेरे महबूब' (१९६३), 'पाकीज़ा' (१९७२), 'उमराव जान' (१९८१) हे चित्रपट आठवावेत. नवाब, शायरी, पडदा, कोठा, झुकून केलेला आदाब आणि शेरवानी. तेथील प्रत्येक जण उत्तरेच्या नागर उर्दूत बोलतो. या चित्रपटांचे संगीत आणि संवाद आपल्या पिढीने मनापासून ऐकले. प्रस्तुत लेखकाचाही त्यांवर जीव आहे. परंतु त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली : मुसलमान म्हणजे उत्तरेचा, आणि सुसंस्कृत मुसलमान म्हणजे लखनौचा. औरादच्या शेतमजुराला किंवा आळंदच्या शिंप्याला या चौकटीत जागा नव्हती.

मग दक्षिणेचा मुसलमान कोठे दिसला? विनोदी पात्रात. राजा नवाथे दिग्दर्शित 'गुमनाम' (१९६५) मध्ये मेहमूद यांनी हवेलीतील खानसाम्याची भूमिका केली. लुंगी, छोट्या मिशा आणि हैदराबादी बोली. मेहमूद स्वतः मुंबईचे. त्यांचे भाषेचे कान तीक्ष्ण होते आणि अभिनयाची ताकद मोठी होती, याबद्दल दुमत नाही. ती भूमिका गाजली आणि तिच्याबरोबर एक साचाही गाजला. त्यानंतर 'हैदराबादी' म्हणजे हसवणारा, हे समीकरण रूढ झाले. या साच्यातल्या दखनीत चारच शब्द असतात : हौ, नक्को, कायकू आणि शेवटी एक 'च'. 'बोलके' ची वाक्यरचना नाही, 'होना' चा खास अर्थ नाही. हॉलिवूडमध्ये वाक्याच्या शेवटी 'सेन्योर' चिकटवले की मेक्सिकन पात्र तयार होत असे, तसाच हा प्रकार आहे. 'शोले' (१९७५) मधील सूरमा भोपालीच्या वाट्यालाही हेच आले. भोपाळच्या एका बोलीची ओळख म्हणजे एक थापाड्या लाकूडविक्या!

आणखी एक गंमत ध्यानात घ्यावी. मराठीतून दखनीत आलेला तो 'च' मुंबईच्या बोलीतही आहे. हिंदी सिनेमाने तो गल्लीतल्या गुंडाच्या तोंडी घातला. म्हणजे आपल्या आजीच्या तोंडचा 'च' पडद्यावर आला तो एक तर विदूषकाचा म्हणून किंवा मवाल्याचा म्हणून.

अमेरिकेतील उदाहरण याच काळातले आहे. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) हा न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन आणि गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांवरील संगीतपट. त्याला १० ऑस्कर मिळाले. त्यातील पोर्तो रिकन नायिका मारियाची भूमिका नॅटली वुड या गोऱ्या अभिनेत्रीने केली आणि तिच्या भावाची ग्रीक वंशाच्या जॉर्ज चकिरिस यांनी. प्रमुख कलावंतांत खरोखर पोर्तो रिकन होत्या त्या रीटा मोरेनो. त्यांचाही चेहरा रंग लावून अधिक काळसर केला होता, असे त्यांनी पुढे सांगितले. पोर्तो रिकन बाईला 'पोर्तो रिकन दिसण्यासाठी' रंग फासावा लागला! साचा माणसापेक्षा मोठा होतो तो असा.

या चित्रपटाची दुसरी आवृत्ती स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०२१ मध्ये काढली. तीत लॅटिनो पात्रे लॅटिनो कलावंतांनीच केली. आणि ती आपसांत स्पॅनिश बोलतात तेव्हा खाली इंग्रजी अक्षरे येत नाहीत. इंग्रजीला स्पॅनिशच्या वर बसवायचे नाही, असा दिग्दर्शकाचा विचार होता. ज्याला समजत नाही त्याने चेहऱ्यावरून समजून घ्यावे. साठ वर्षांत एवढा फरक पडला.

बेनेगल यांची वाट

आपल्याकडे दखनीला साच्यातून बाहेर काढण्याचे श्रेय प्रामुख्याने श्याम बेनेगल (१९३४-२०२४) यांना द्यावे लागेल. त्यांचा जन्म सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीचा, घर कोकणीभाषक. दखनी त्यांनी ऐकली ती रस्त्यावर आणि बाजारात, म्हणजे जेथे ती खरोखर जिवंत असते तेथे.

'अंकुर' (१९७४) या त्यांच्या पहिल्या चित्रपटाची कथा तेलंगणातील एका खेड्यात घडते. जमीनदाराचा शहरात शिकलेला मुलगा सूर्या (अनंत नाग), त्याच्याकडे काम करणारी दलित स्त्री लक्ष्मी (शबाना आझमी) आणि तिचा मूकबधिर नवरा किश्तय्या (साधू मेहेर). येथे दखनी बोलणारी मुख्य व्यक्ती मुसलमान नाही. लक्ष्मी दखनीत भांडते, रडते आणि शेवटी जमीनदाराला शाप देते. प्रेक्षकाला एकदाही हसू येत नाही. संवाद सत्यदेव दुबे यांचे, म्हणजे मराठी रंगभूमीशीही जवळचा संबंध असलेल्या माणसाचे. पुढच्याच वर्षी आलेल्या 'निशांत' (१९७५) ची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि संवाद पुन्हा दुबे यांचे. दखनीला पडद्यावर मान मिळाला त्यात मराठी लेखणीचा हात होता, ही गोष्ट आपल्या मराठी विभागांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

एक आक्षेप येथे घेता येतो आणि तो रास्त आहे. तेलंगणाच्या त्या खेड्यात लक्ष्मी आणि किश्तय्या घरात तेलुगूच बोलले असते. हिंदी प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यासाठी दखनीचा पूल वापरला गेला. म्हणजे ही दखनी काही अंशी सोयीची आहे. तरीही या सोयीतून एक सत्य पुढे आले, की दखनी ही केवळ मुसलमानांची बोली नसून दक्षिणेतील निरनिराळ्या भाषकांमधील व्यवहाराची बोली आहे. आपल्या आठवडी बाजारात लिंगायत आडत्या, मराठा शेतकरी आणि बागवान एकमेकांशी कोणत्या भाषेत भाव करतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला याचा पुरावा शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

मुस्लिम जीवनाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बेनेगल यांचा २०१० साली प्रदर्शित झालेला 'वेल डन अब्बा'. जीलानी बानो यांच्या 'नरसय्यां की बावड़ी' या उर्दू कथेचा त्याला आधार आहे. अरमान अली (बोमन इराणी) मुंबईत मोटार चालवतो. रजेवर तो आपल्या गावी, हैदराबादजवळच्या खेड्यात जातो. शेतात विहीर खोदावी म्हणून दारिद्र्यरेषेखालील लोकांसाठी असलेल्या सरकारी योजनेत तो अर्ज करतो. प्रत्येक टेबलावर थोडे थोडे पैसे देता देता विहिरीचे सगळे पैसे संपतात. कागदावर मात्र विहीर पूर्ण होते, तिचे छायाचित्र आणि गोड पाण्याचा दाखलाही तयार होतो. तेव्हा शिकलेल्या मुलीच्या, मुस्कानच्या, साथीने तो पोलिसांत तक्रार देतो : माझी विहीर चोरीला गेली.

हा चित्रपट विनोदी आहे, आणि दखनीतच आहे. परंतु हसू बोलीवर येत नाही, व्यवस्थेवर येते. अरमान अली नवाब नाही, गुंड नाही, दंगलीतला बळीही नाही. त्याला विहीर हवी आहे, बस्स. बीदर-कलबुर्गीच्या कोरडवाहू पट्ट्यातील कोणत्याही शेतकऱ्याला हवी असते तशी. मुसलमान पात्राची मुख्य अडचण 'मुसलमान असणे' ही नसून 'शेताला पाणी नसणे' ही आहे, असे किती चित्रपटांत दिसते? 'इतर सामाजिक विषयांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपट' हा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आपल्या गावांतील प्रेक्षकापर्यंत तो पोहोचायला हवा होता तेवढा पोहोचला नाही, याची खंत वाटते. बोमन इराणी यांचा उच्चार काही ठिकाणी घसरतो, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. दखनी कानाला लगेच ओळखू येते, आणि तितक्याच लवकर तिचे सोंगही उघडे पडते.

याच्याशी तुलना करावी असा अमेरिकन चित्रपट म्हणजे 'सॉल्ट ऑफ द अर्थ' (१९५४). न्यू मेक्सिकोतील जस्ताच्या खाणीत १९५० ते १९५२ या काळात झालेल्या संपावर तो आधारलेला आहे. मेक्सिकन वंशाच्या खाणकामगारांनी आणि त्यांच्या बायकांनी स्वतःच त्यात कामे केली. नायक झालेला हुआन चाकोन हा कामगार संघटनेचा प्रत्यक्ष अध्यक्ष होता. नायिका रोझौरा रेव्हुएल्तास हिला चित्रीकरण चालू असतानाच अटक करून मेक्सिकोला परत पाठवण्यात आले. संपकऱ्यांच्या घरांना पाणी मिळावे ही त्या चित्रपटातील बायकांची एक मुख्य मागणी आहे. तेथेही पाणी, येथेही पाणी.

आपणच आपल्यावर हसणे

२००५ नंतर एक वेगळा प्रवाह आला. कुंटा निखिल दिग्दर्शित 'द अंग्रेज़' आणि लक्ष्मीकांत चेन्ना दिग्दर्शित 'हैदराबाद नवाब्स' (२००६) हे हैदराबादेत तयार झालेले कमी खर्चाचे चित्रपट. 'अंग्रेज़' मधील इस्माईलभाई, सलीम फेकू, जहांगीर ही पात्रे चारमिनारजवळ बसून गप्पा हाणतात आणि परदेशातून आलेल्या दोन अभियंत्यांशी त्यांची तंटेबाजी होते. या चित्रपटाच्या सीडी आपल्या भागातही घरोघरी फिरल्या. त्यातील वाक्ये मुलांना पाठ होती, आजही आहेत.

येथील दखनी अस्सल आहे. 'बोलके' आहे, 'होना' आहे, सर्व काही आहे. हसणारा आणि ज्याच्यावर हसतात तो, दोघे एकाच गल्लीतले आहेत. चीच मारिन यांच्या 'बॉर्न इन ईस्ट एल. ए.' (१९८७) या लॅटिनो विनोदी चित्रपटाची येथे आठवण होते. त्यात अमेरिकेतच जन्मलेला, स्पॅनिश धड न येणारा तरुण कागदपत्रे जवळ नसल्यामुळे मेक्सिकोत हाकलला जातो. घरच्या माणसाने सांगितलेला विनोद परक्याच्या विनोदासारखा बोचत नाही.

तथापि समाधान मानून थांबता येत नाही. 'अंग्रेज़' ने जुना साचा मोडला आणि नवा बनवला : रिकामटेकडा, थापा मारणारा, उधारीच्या चहावर दिवस काढणारा तरुण. त्याची शिकणारी बहीण, शिलाईयंत्रावर संसार रेटणारी आई कोठे आहे? लॅटिनो सिनेमाने येथे पुढचे पाऊल टाकले आहे. पॅट्रिशिया कार्डोसो यांच्या 'रिअल विमेन हॅव कर्व्ह्ज' (२००२) मध्ये लॉस एंजेलिसच्या शिलाई कारखान्यात कपड्यांना इस्त्री करणारी मुलगी आईचा विरोध पत्करून विद्यापीठात जाते. आपल्याकडे असे चित्र पाहायचे तर दखनी सोडून कन्नडकडे जावे लागते. बानू मुश्ताक यांच्या कथेवरील गिरीश कासरवळ्ळी यांचा 'हसीना' (२००४) हा मुस्लिम स्त्रीच्या न्यायासाठीच्या झगड्याचा चित्रपट आहे. त्यातील भूमिकेबद्दल तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बानू मुश्ताक यांना २०२५ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाल्यावर त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष गेले. कन्नड वाचक त्यांना आधीपासून ओळखत होते. मराठीत 'सैराट' (२०१६) मधला सल्या करमाळ्याची मराठी त्याच्या मित्रांसारखीच बोलतो आणि तो मुसलमान आहे याची पडद्यावर कोणी दवंडी पिटत नाही. हेही एक उत्तरच आहे.

हसू आणि दुःख एकाच वाक्यात कसे ठेवावे, याचा धडा घेण्यासाठी खरे तर सिनेमाकडे जाण्याचीही गरज नव्हती. सुलेमान खतीब (१९२२-१९७८) हे बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पाचे आणि गुलबर्ग्यात स्थायिक झालेले दखनी कवी. मुशायऱ्यात ते उभे राहिले की श्रोते आधी हसत आणि कविता संपेपर्यंत गप्प होत. 'केवड़े का बन' हा त्यांचा संग्रह. हुंडा, सासुरवास, गरिबाच्या मुलीचे लग्न हे त्यांचे विषय, आणि भाषा घरातल्या बाईची. या कवीवर कोणी चित्रपट काढला तर चारमिनारच्या बाहेरची दखनी पडद्यावर येईल. आजपर्यंत आपल्या इमारतींना तेवढी संधी मिळाली आहे : 'द डर्टी पिक्चर' (२०११) मधील एका गाण्यात बीदरचा किल्ला दिसतो. किल्ला बोलत नाही, त्यामुळे त्याचा उच्चार कोणाला खटकला नाही.

वर्गात काय करता येईल

अध्यापकांनी आवर्जून पाहावा असा लॅटिनो चित्रपट म्हणजे 'स्टँड अँड डिलिव्हर' (१९८८). लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमधील खऱ्या घटनेवर तो आधारलेला आहे. बोलिव्हियात जन्मलेले गणिताचे शिक्षक हायमे एस्कलांते यांच्या १८ विद्यार्थ्यांनी १९८२ मध्ये कलनशास्त्राची अवघड परीक्षा उत्तीर्ण केली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांपैकी १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला. १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि सर्व उत्तीर्ण झाले. चित्रपटात एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी शिक्षकाची भूमिका केली आहे. स्पॅनिशमिश्रित इंग्रजीत ते मुलांना सांगतात की शून्याची कल्पना तुमच्या माया पूर्वजांना ठाऊक होती. मुलांची बोली ते सुधारत बसत नाहीत, तिच्यातच गणित शिकवतात. एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्यक्षात एस्कलांते १९७४ पासून त्या शाळेत पाया घालत होते. चित्रपटात ती मेहनत फार थोड्या अवधीत कोंबली आहे. एका चांगल्या शिक्षकाने एका वर्षात चमत्कार केला, असा अर्थ काढल्यास तो अन्यायकारक होईल.

ग्रेगरी नावा यांचा 'एल नोर्ते' (१९८३) हा भाषेच्या अभ्यासासाठी आणखी उपयोगी आहे. ग्वाटेमालातील माया जमातीचे बहीणभाऊ, एन्रिके आणि रोझा, जीव वाचवण्यासाठी अमेरिकेकडे निघतात. घरची भाषा कीचे, देशाची स्पॅनिश आणि पोट भरण्याची इंग्रजी. मेक्सिकन म्हणून खपायचे असेल तर प्रत्येक वाक्यात शिवी घाल, असा सल्ला एन्रिकेला मिळतो. आणि पकडला गेल्यावर तोच उपाय कामी येतो. ओळख म्हणजे उच्चाराचे सोंग, हे एवढ्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवले असेल. मुलाखतीला जाताना आपला विद्यार्थी 'हौ' गिळतो आणि 'जी हां' म्हणण्याचा सराव करतो. त्याच्या आणि एन्रिकेच्या कसरतीत तत्त्वतः फरक नाही.

आमच्या पदवी वर्गात एक छोटा उपक्रम करून पाहिला आहे, तो येथे नोंदवतो. 'वेल डन अब्बा' मधील पाच मिनिटांचा प्रसंग दोनदा दाखवला आणि संवाद कानाने ऐकून जसेच्या तसे देवनागरीत व उर्दू लिपीत लिहून घ्यायला सांगितले. लिहिताना मुले प्रथम अडखळली. 'सर, दुरुस्त करके लिखना क्या?' असा प्रश्न आला. जसे आहे तसेच लिहा, म्हटल्यावर हात मोकळे झाले. नंतर प्रत्येक वाक्यातील उत्तरेकडचे रूप, मराठीकडून आलेले रूप आणि कन्नड-तेलुगू धाटणीचे रूप तीन रंगांनी खुणावले. चौथ्या स्तंभात 'आमच्या घरी असे म्हणत नाहीत' अशा वाक्यांची नोंद केली. बसवकल्याणच्या मुलींनी या स्तंभात सर्वांत जास्त लिहिले; कारण त्यांच्या घरची दखनी हैदराबादच्या दखनीहून मराठीला जवळची आहे. उर्दूचे निबंधलेखन यामुळे बिघडेल, अशी शंका एका सहकाऱ्यांनी व्यक्त केली होती. अनुभव असा, की दोन रूपांतील फरक कागदावर मांडल्यानंतर प्रमाण उर्दूतील 'ने' च्या चुका कमी झाल्या. कोठे काय वापरायचे हे मुलांना प्रथमच नियम म्हणून कळले. तोपर्यंत त्यांना फक्त लाल शाई माहीत होती.

पुढील सत्रात याच पद्धतीने 'अंकुर' मधील लक्ष्मीचे बोलणे घ्यावे, तेलुगू जाणणारा एखादा विद्यार्थी बरोबर बसवावा आणि चौथा स्तंभ तालुकावार वेगळा ठेवावा, असे ठरले आहे. ज्या महाविद्यालयांत चित्रपट दाखवण्याची सोय नाही, तेथे विद्यार्थ्यांनी आपापल्या आजीची दहा वाक्ये मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणली तरी काम चालते.